वहीबाहेरची चिमूट

६ जानेवारी

मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. आणि ऑफिसच्या मेलवर माझा विश्वास उरलेला नाही, तिथे कोण काय वाचतं देव जाणे. म्हणून हे कागद-पेन.

माझ्याकडे एक एन्झाइम दिलंय. पेशीतली कोणकोणती प्रोटीनं त्याला जाऊन चिकटतात ते शोधायचं, एवढंच काम. तू प्रयोगशाळेत तीस वर्षं टेक्निशियन म्हणून काढलीस, तुला काय शिकवायचं. पण आई तुझ्याकडे आली की माझी पत्रं वाचते, म्हणून तिच्यासाठी लिहिते. एन्झाइम बारीक मण्यांना बांधायचं. ते मणी पेशींच्या रसात तासभर फिरवायचे आणि मग चार-पाचदा धुवायचे. उगाच लागलेलं वाहून जातं, खरं धरून बसलेलं राहतं. ते उकळून सोडवायचं आणि जेलवर चालवायचं. प्रत्येक प्रोटीन आपल्या वजनाप्रमाणे कुठेतरी थांबतं, रंग दिला की तिथे निळी रेघ दिसते.

तर मला एक रेघ दिसते. नोव्हेंबरपासून सहा वेळा दिसली, दरवेळी त्याच जागी. आणि तोच प्रयोग मोजपट्टीने केला की काही नाही, कोरी जागा.

मोजपट्टी म्हणजे आमचा टेक्निशियन. पन्नाशी ओलांडलेला, बावीस वर्षं इथेच, दर एप्रिलमध्ये करार नवा होतो. हा माणूस पाणीसुद्धा मोजून पितो, म्हणून सगळ्यांनी हे नाव ठेवलंय. भिंतीवर प्रयोगाची पद्धत छापलेलं कार्ड आहे, तो त्यातल्या एका अक्षराच्याही बाहेर जात नाही असं म्हणतो. मग रेघ का येत नाही? आमच्या प्रमुखबाईंनी सांगितलंय, की दोघांच्या हातून दिसल्याशिवाय ती रेघ त्या धरणार नाहीत. माझी मुदत एप्रिलअखेर संपते. ती वाढणार की मी घरी बसणार, हे त्या एका रेघेवर आहे.

आणि मण्यांचं धुवायचं पाणी तोच बनवतो. मला काय म्हणायचंय ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझी,
बारकी


१७ जानेवारी

बारके,

आलं लक्षात. तुझ्या आईच्याही आलं, पण तिचं म्हणणं 'उगाच कुणावर संशय घेऊ नये'. तिने आयुष्यभर बालवाडी चालवली, तिला काय माहीत. प्रयोगशाळेत माणसं हसून बोलतात आणि तुझी ट्यूब फ्रीजबाहेर विसरतात.

आता मी सांगते तसं कर. एक, धुवायचं पाणी स्वतः बनव आणि बाटली ड्रॉवरमध्ये कुलपात ठेव. दोन, ट्यूबच्या बुडाशी पेन्सिलीने ठिपका कर, कुणी अदलाबदल केली तर कळेल. तीन, नुसते रिकामे मणी घे, ज्यांना एन्झाइम बांधलेलंच नाही, आणि त्यांच्यावर तोच सगळा प्रयोग कर. तिथेही रेघ आली तर समज ते प्रोटीन मण्यांनाच चिकटतंय आणि तुझी रेघ फुसकी आहे. नाही आली, तर तुझी रेघ खरी आणि तो माणूस खोटा.

आणि मी शिकवलेली चिमूट घालतेस ना? रसात मणी फिरवायच्या आधी दुधाच्या पावडरीची एक चिमूट. मण्यांवरच्या रिकाम्या जागा दुधाने भरून जातात, मग भलतंसलतं चिकटत नाही. तुमच्या छापील कार्डावर ते नसेलच. ते वहीत लिहू नकोस. आमच्या वेळी प्रत्येक चांगल्या हाताची एक तरी गोष्ट वहीबाहेर असायची. लिहिली की ती सगळ्यांची होते, आणि तुझ्या त्या मोजपट्टीला आयतीच मिळेल.

त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. गुडघा ठीक आहे, विचारलं नाहीस तरी सांगते.

मावशी


२९ जानेवारी

मावशी,

गुडघ्याबद्दल चुकले. आता ऐक.

रिकामे मणी करून बघितले. चिमूट दोन्हीकडे घातली, रिकाम्यांत आणि एन्झाइमवाल्यांत, अगदी सारखी. रिकाम्या मण्यांची जागा स्वच्छ, आणि शेजारी एन्झाइमवाल्या मण्यांत माझी रेघ, जाडजूड. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. म्हणजे जे काही आहे ते एन्झाइमलाच धरतंय. प्रमुखबाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "आता मोजपट्टीच्या हातून एकदा येऊ दे, की झालं."

ते होत नाही ना! त्याने परवा पुन्हा केलं. माझेच मणी, माझंच पाणी, माझ्यासमोर. कोरं.

काल तो माझ्या टेबलाशी आला. आधी सेंट्रिफ्यूजचं झाकण पुसत उभा राहिला, मग म्हणाला, "ताई, एक विचारू? कार्डात नाही असं तुम्ही काही घालता का?" मी म्हटलं, "नाही. कार्डात आहे तेवढंच." तो म्हणाला, "बरं," आणि गेला. त्याला वास लागलाय. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर एक ओळ छापून आलेली नाही, ती आता माझ्या जोरावर छापून यावी अशी इच्छा असणार.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आज बर्फाच्या कपाटात मागच्या कप्प्यात मला एक डबा सापडला. आत छोट्या ट्यूबा, ओळीने लावलेल्या, आणि प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात माझ्या प्रयोगांच्या तारखा. माझ्या! नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या. माझ्या प्रत्येक नमुन्यातला थोडा थोडा भाग तो काढून ठेवतोय. मी डबा होता तसा ठेवला.

बारकी


८ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र तुझ्या आईला दाखवलं नाही.

मला अशी माणसं ठाऊक आहेत. आमच्याकडे एक होती, तिला आम्ही बडबडी म्हणायचो. माझ्याच टेबलावर, माझ्यासमोर बसायची. माझ्या हातून प्रयोग यायचा, तिच्या हातून नाही. आणि सारखं विचारायची, तू हे कसं करतेस, ते कसं करतेस. दोन महिने सोसलं आणि मग सरळ लेखी तक्रार दिली, की ही माझं काम बिघडवते. तिला भांडारात टाकलं, बाटल्या मोजायला. त्यानंतर माझ्या कामात कुणी लुडबुड केली नाही. माझे निष्कर्ष साहेबांनी छापले, खाली मला धन्यवाद दिले होते, तो कागद अजून आहे माझ्याकडे.

अशा वेळी भिडस्तपणा कामाचा नाही. डबा पुन्हा जागेवर ठेवलास ते शहाणपणाचं केलंस.

एक सांग, ती रेघ नक्की कुठे येते? वजन किती? आणि एकच आहे की जोडी? तू नुसती 'जाडजूड' लिहितेस, जणू काही नातेवाईकच.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

वजन तीस किलोडाल्टनच्या जरा वर. वरची रेघ जाड, आणि तिच्या खाली जवळजवळ चिकटून एक बारीक. जोडीच म्हण. नेहमी तशीच येते. मी ती जेलमधून कापून मास स्पेकला पाठवलीय. ते यंत्र प्रोटीनचे तुकडे करतं, तुकड्यांची वजनं घेतं आणि त्यावरून सांगतं हे अमुक प्रोटीन, अमुक प्राण्याचं. रांग मोठी आहे, अहवालाला महिना लागेल.

तोवर काय करू? मोजपट्टी रोज सकाळी माझ्याआधी येतो. काल माझा कचऱ्याचा डबा त्याने रिकामा केला, आणि ते त्याचं काम नाही. आज पुन्हा काहीतरी बोलायला आला होता. मी फोन कानाला लावून बोलत असल्यासारखं केलं. पलीकडे कुणीही नव्हतं, मावशी, इतकी वेळ आलीय माझ्यावर.

त्याच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहून ठेवलाय. त्यात डब्याबद्दल लिहिलंय, धुवायच्या पाण्याबद्दल लिहिलंय, आणि 'मुद्दाम' हा शब्द दोनदा आहे. देऊ का? तू हो म्हणालीस तर देते. बडबडीच्या वेळी तू दोन महिने थांबलीस, मी तीन थांबले. उत्तर लवकर पाठव.

बारकी


४ मार्च

मावशी,

तुझं उत्तर नेहमी आठ-दहा दिवसांत येतं. सोळा दिवस झाले. आईला विचारलं, ती म्हणाली तू बरी आहेस, सकाळी फिरायलाही जातेस.

मी थांबू शकले नाही. सोमवारी अर्ज दिला. प्रमुखबाईंनी त्याला आत बोलावलं. दार बंद होतं, आवाज आला नाही. बाहेर आला तेव्हा एप्रन काढून घडी घालत होता, बाह्या आत दुमडून, नीट. चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलंय, आणि चौकशीचं काय ते ठरेपर्यंत नवा करार नाही. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. तू एक ओळ तरी लिही.

बारकी


९ मार्च

बारके,

डोळ्यांत औषध घालत होते म्हणून लिहायला जमलं नाही. इथे हवा बदलली आहे. तुझ्या आईने पडदे शिवले, एक आखूड झाला.

अर्जाची इतकी घाई करायला नको होती असं आता वाटतं. चौकशीत त्याला बोलू देतील ना? कामाच्या ठिकाणी एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं.

आणि एक, सहज सुचलं म्हणून. एकदा चिमूट न घालता प्रयोग करून बघ. बाकी सगळं तेच. विशेष काही नाही, पण करून बघितलेलं बरं.

तब्येतीला जप.

मावशी


२० मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जी बाई मला 'भिडस्तपणा कामाचा नाही' म्हणाली, ती महिन्याभरात 'जमवून घ्यावं' म्हणते, आणि मधल्या ओळींत पडदे. आखूड पडदा!

चिमूट न घालता केलं. कोरं. दोनदा केलं, दोन्ही वेळा कोरं. मोजपट्टीच्या जेलसारखं, अगदी तंतोतंत.

दोन दिवसांनी मास स्पेकचा अहवाल आला. माझ्या पेशी माणसाच्या आहेत. रेघ गाईची निघाली. केसीन, मावशी. दुधातलं केसीन, वरची जाड रेघ एका प्रकारचं आणि खालची बारीक दुसऱ्या प्रकारचं. रिकाम्या मण्यांवरून ते धुण्यात वाहून जातं, पण आमच्या एन्झाइमला घट्ट धरून बसतं, आणि का ते मला पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात सापडलं: असली एन्झाइमं ज्या प्रोटीनांवर काम करतात, त्यांत केसीनही आहे. पाच महिने मी माझ्याच हाताने घातलेलं दूध शोधून काढत होते, आणि रिकाम्या मण्यांनी ते खरं आहे अशी ग्वाही दिली.

मोजपट्टी कार्डाप्रमाणे करत होते, म्हणून त्यांना काही दिसत नव्हतं. ते बरोबर होते.

तो डबा प्रमुखबाईंनी उघडला. माझ्या प्रत्येक नमुन्याशेजारी त्यांचा त्याच दिवशीचा नमुना होता. डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी, त्यावर 'ताईंचा. माझा. फरक कशाने?' आणि खाली पाण्याचं तापमान, मण्यांचा लॉट नंबर, धुण्याच्या वेळा, असं एकेक लिहून त्यावर काट मारलेली. चोरी नव्हे ती, मी करायला हवं होतं ते काम होतं. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं 'मुद्दाम?' आणि तेही खोडलेलं. मी अर्जात तोच शब्द दोनदा लिहिला होता, आणि खोडला नाही.

आता तुझ्याकडे येते. तू फेब्रुवारीत विचारलंस, वजन किती, एक की जोडी. मी सोळाला कळवलं. त्यावर तू तीन आठवडे मूग गिळून बसलीस, आणि मग पडदे. तुला कळलं होतं. माझं पत्र हातात घेऊनच कळलं होतं. एक ओळ लिहिली असतीस, 'अर्ज देऊ नकोस', तर तो माणूस आज घरी बसला नसता.

प्रमुखबाई म्हणतात, महिनाअखेरच्या सोमवारी बैठक आहे, तिथे एवढंच सांगू की नमुना दूषित निघाला. कसा, कुणी, ते बोलायला नको. काम थांबेल, माझी मुदत कदाचित वाढेल. पण खोलीत दहा जण असतील आणि दहाही जणांना वाटेल की दूषित करणारा घरी बसलाय. त्यांचा करार तिथेच संपेल. मी काय करावं हे तुला विचारत नाही. मला फक्त बडबडीचं सांग. तेही दूधच होतं का?

बारकी


२४ मार्च

बारके,

हो, तुझं पत्र वाचतानाच कळलं. तीसच्या वर एक जाड, खाली एक बारीक. मी ती जोडी आयुष्यात एकदा बघितली होती आणि पुन्हा कधी दिसू नये असं म्हणत आले होते.

बडबडीचं सांगते. आमचंही एन्झाइम होतं, तुझ्यासारखंच. मास स्पेक वगैरे काही नव्हतं, रेघ दिसली की तिला नाव ठेवायचं आणि छापायचं. मी चिमूट घालायचे, ती घालायची नाही, कारण मी तिला सांगितलं नव्हतं. ती भांडारात गेली त्यानंतर चार-पाच महिन्यांनी माझा हात भाजला होता म्हणून एका नव्या मुलीने माझा प्रयोग केला. तिला मी चिमूट सांगायला विसरले. कोरं आलं. मी त्या जेलकडे बघत उभी राहिले, आणि मला समजलं असं म्हणणार नाही. संशय आला. एकदा मुद्दाम दुधाशिवाय करून बघितलं असतं तर अर्ध्या दिवसात लख्ख कळलं असतं. मी ते केलं नाही. पुढची एकवीस वर्षं त्या प्रयोगशाळेत होते, अर्धा दिवस मिळाला नाही असं नाही. मी सगळ्यांवर नजर ठेवली, कुणाची ट्यूब कुठे, कोण कुणाशी बोलतं, आणि माझ्या स्वतःच्या डब्यातल्या पावडरीवर मात्र कधी संशय घेतला नाही. घेतला की बडबडीचा विषय निघाला असता.

आणि तीच चिमूट तुला दिली. दुसऱ्या कामांत ती खरंच उपयोगी पडते, म्हणून मी मनाची समजूत घातली होती, की चिमटीत दोष नाही, त्या वेळचं काहीतरी निराळं असेल. तू विचारलंस तेव्हा शिकवायला काहीतरी आहे माझ्याकडे, याचा आनंदही झाला. ते लपवत नाही.

तीन आठवडे मी रोज पत्र सुरू करायचे. 'अर्ज देऊ नकोस' लिहिलं की पुढे 'का' लिहावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी तुला त्या माणसाच्या अंगावर जाऊ दिलं. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

बडबडीला सांगायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी मी पेन्शनच्या कचेरीत पत्ता विचारायला गेले होते. खिडकीतल्या माणसाने यादीत बोट फिरवलं आणि सांगितलं, त्या वारल्या, गेल्याच वर्षी. भांडारातूनच निवृत्त झाली ती. मी बाहेर येऊन बाकावर बसले, आणि खरं सांगते, बारके, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

तुझा माणूस जिवंत आहे. सोमवारी बोल. चिमूट कुणी शिकवली विचारलं तर माझं नाव सांग, पूर्ण, आडनावासकट, आणि मी कुठे काम करत होते तेही. तुझ्या आईला मी आज सकाळी सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण आखूड पडदा उसवून तिने तो नव्याने शिवायला घेतलाय, म्हणजे राहणार आहे असं दिसतं.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी मोजपट्टींच्या घरी गेले. बैठकीत दहा जणांसमोर त्यांना पहिल्यांदा कळावं, हे बरं दिसलं नसतं. तिसरा मजला, दारात ओळीने चपला. दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्यावरच सगळं सांगितलं, दूध, चिमूट, अर्ज. ते चौकटीला हात लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही. घरात सगळे विचारत होते काय केलंस, आणि मला सांगायला काही नव्हतं." मी म्हटलं, "म्हणू नका." मग म्हणाले, "उद्या किती वाजता बैठक?" आणि दार लावून घेतलं.

सोमवारी मी उभी राहिले आणि सांगितलं. नमुना दूषित झाला, तो मी केला, कशाने केला, आणि मोजपट्टींचे सगळे जेल पहिल्या दिवसापासून बरोबर होते. तुझं नाव सांगितलं, आडनावासकट. अर्ज मी तिथेच लेखी मागे घेतला. प्रमुखबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी फार बघितला नाही. माझी मुदत वाढणार नाही, हे त्यांनी दुपारी सांगितलं. मी भांडले नाही. मोजपट्टींचा करार मंगळवारी झाला. मला तीस तारखेपर्यंत सगळ्या वह्या त्यांच्या ताब्यात द्यायच्या आहेत.

आज ते कामावर आले. एप्रन घातला, हात धुतले आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन दुधाची पावडर मागितली. मी ड्रॉवरमधून डबा काढून दिला. त्यांनी तो वजनकाट्याशी नेला.

"किती घालत होता?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती?"

मला माहीत नव्हतं, मावशी. तुलाही माहीत नसणार. त्यांनी काट्यावर कागद ठेवला, शून्य केलं, आणि म्हणाले, "घाला. नेहमी घालता तशी." मी घातली. शून्य पूर्णांक एकतीस ग्रॅम. कागद झटकला. "पुन्हा." चव्वेचाळीस. "पुन्हा." सव्वीस. अशी दहा वेळा. दहाही आकडे वेगळे आले, आणि प्रत्येक त्यांनी माझ्या वहीत माझ्या नोव्हेंबरच्या पानासमोर लिहिला. तिथे दुसरे दोघे काम करत होते, ते आपलं काम करत राहिले. माझे कान तापले होते. सरासरी काढली, खाली दोनदा रेघ मारली. शिक्षा म्हणून करत होते असं वाटलं नाही. त्यांना खरंच आकडा हवा होता.

मग त्यांनी वहीची पानं उलटली, जानेवारीपर्यंत. "अठ्ठावीस तारखेला मी तुम्हाला विचारलं होतं, कार्डात नाही असं काही घालता का. तुम्ही नाही म्हणालात. तेही इथे यायला हवं. पुढे कुणी ही वही वाचली तर दोन महिने कुठे गेले ते कळायला हवं त्याला."

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "वही तुमची आहे, ताई."

मी लिहिलं. '२८ जानेवारी, दुपारी. टेक्निशियननी विचारलं, कार्डाबाहेरचं काही घालता का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.' खाली सही केली आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं, आणि 'दुपारी' या शब्दावर बोट ठेवलं.

"सकाळी होतं ते," म्हणाले. "साडेअकरा."

मी खोडून दुरुस्त केलं.

तुझी,
बारकी